पॅरालिसिसचा झटका आणि मेंदूचे स्कॅन: पहिल्या तासापासून पहिल्या वर्षापर्यंत

घरातल्या माणसाचं तोंड अचानक वाकडं होतं, हातातला कप निसटतो, जीभ जड होते. बहुतेक घरांत पहिले फोन नातेवाइकांना जातात, मग फॅमिली डॉक्टरला. चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’ लिहून मिळतं आणि मंडळी रिक्षा करून स्कॅन सेंटर गाठतात. तिथे नंबर लावायचा, पैसे भरायचे, रिपोर्ट संध्याकाळी. संध्याकाळी जो रिपोर्ट हातात पडतो तो अगदी बिनचूक असतो, आणि तोवर उपचाराची वेळ टळून गेलेली असते.

पॅरालिसिसच्या झटक्यात स्कॅन लागतो तो पुढचा निर्णय घेण्यासाठी. त्यामुळे तो निर्णय जिथे लगेच अमलात आणता येईल, तिथेच स्कॅन काढायचा. खाली जे काही लिहिलं आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे: आता हा स्कॅन कशासाठी, आणि तो पाहून डॉक्टर काय वेगळं करणार? हे पेशंटच्या घरच्यांसाठी लिहिलं आहे, कारण धावपळीत पहिले निर्णय डॉक्टर घेत नाहीत, घरचेच घेतात.

पायरी 1: निघण्याआधीची पाच मिनिटं

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सरासरी 19 लाख मेंदूपेशी मरतात. त्यामुळे या पाच मिनिटांत फक्त कामाच्याच गोष्टी करा.

पहिली गोष्ट वेळेची. झटका कधी आला यापेक्षा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, हे डॉक्टर विचारतील. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते साडेचार तास या क्षणापासून मोजतात. ‘सकाळी 6 ला उठवायला गेलो तर हात हलत नव्हता’ एवढंच सांगितलं, तर मोजणी आदल्या रात्री 10 पासून होते आणि इंजेक्शनचा विषय बहुधा तिथेच संपतो. पण पहाटे 4 ला ते स्वतः चालत लघवीला जाऊन आले होते हे आईला आठवलं, तर मोजणी 4 पासून होते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा. दूधवाल्याशी बोलले होते का, मोबाइलवरून शेवटचा मेसेज किती वाजता गेला, हेही बघा. जी वेळ ठरेल ती कागदावर लिहा. हॉस्पिटलमध्ये तीन जण तीन वेळा सांगतात आणि गोंधळ होतो.

दुसरी गोष्ट औषधांची. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढा किंवा डबाच बरोबर घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे एसिट्रॉम, वॉरफरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्सबान, एपिक्सबान, चालू असतील तर शेवटची गोळी कधी घेतली हे नक्की सांगा. मधुमेह, किडनीचा त्रास, पेसमेकर, गेल्या काही महिन्यांतलं ऑपरेशन, डोक्याला लागलेला मार हेही सांगा. वजनही माहीत असू द्या, कारण इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो. अल्टेप्लेज दर किलोला 0.9 मिलिग्रॅम देतात, जास्तीत जास्त 90.

तिसरी गोष्ट, काय करायचं नाही. इकोस्प्रिन देऊ नका. हृदयविकाराच्या झटक्यात ती गोळी चघळायला देतात हे लोकांना पाठ झालंय, पण इथे रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे हे सीटी होईपर्यंत कुणालाच कळत नाही. फुटली असेल तर ती गोळी नुकसान करते. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. गुठळीच्या झटक्यात वाढलेलं बीपीच मेंदूला कसंबसं रक्त पोचवत असतं, ते धाडकन उतरवलं तर झटका पसरतो. चहा-पाणी काही पाजू नका, गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र बघा, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब पॅरालिसिससारखं चित्र दिसतं.

‘अंगावरून वारं गेलंय’ म्हणून चोळायला नेणं, कबुतराच्या रक्ताचं मालिश, अमुक गावचं झाडपाल्याचं औषध, हे अजून बंद झालेलं नाही. पुढे कधी करायचं तर करा असंही मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी तर त्याचं नावही काढू नका.

पायरी 2: कुठे न्यायचं

गावात ज्याचं नाव मोठं, ते हॉस्पिटल जवळ असेलच असं नाही, आणि जे जवळ असतं तिथे रात्री सीटीचा टेक्निशियन असेलच असंही नाही. 108 ला फोन करा. त्याच वेळी दुसऱ्या कुणालातरी हॉस्पिटलला फोन करायला लावा आणि एवढंच विचारा: सीटी मशीन आत्ता, या क्षणी चालू आहे का? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिशियन येऊ शकतील का? आणि गुठळी तारेने ओढून काढायची सोय, म्हणजे थ्रोम्बेक्टॉमी, आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर निघा. ‘पॅरालिसिसचा पेशंट घेऊन येतोय, अर्ध्या तासात पोचू’ हे सांगून ठेवलं तर सीटीचं टेबल रिकामं ठेवता येतं.

तालुक्याच्या गावात सीटी नसेल तर तिथे अॅडमिट होऊन सलाइनवर दोन तास काढण्यात काही हशील नाही. याउलट 20 मिनिटांवर सीटी आणि इंजेक्शन दोन्ही असेल आणि थ्रोम्बेक्टॉमीवालं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, तर माझ्या मते आधी जवळच्याच ठिकाणी न्यावं. इंजेक्शन तिथे सुरू होतं आणि गरज पडली तर अॅम्ब्युलन्सने पुढे हलवतात. पुढे हलवताना सीटीची सीडी मागून घ्या. नुसता रिपोर्ट किंवा फिल्मचा फोटो नेला तर पुढच्या ठिकाणी पुष्कळदा नव्याने स्कॅन करतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटल असेल तर तिथे आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन घरातल्या एकाने त्याच्याकडे जावं. कागद पुरे होईपर्यंत पेशंटला मात्र थांबवून ठेवू नये.

पायरी 3: पहिला स्कॅन साधा सीटीच

इथे नातेवाइकांची आणि डॉक्टरांची सगळ्यात जास्त वादावादी होते. ‘एमआरआय जास्त चांगला ना, मग तोच करा, पैशांचं बघू नका.’ चांगला म्हणजे कशासाठी चांगला? पहिल्या अर्ध्या तासात डॉक्टरांना एकच गोष्ट हवी असते: रक्तस्राव आहे की नाही. ते साधा सीटी काही सेकंदांत सांगतो. त्यासाठी सुई नको, दागिन्यांची झडती नको, पेसमेकर असला तरी अडत नाही.

पेशंटला सरकत्या टेबलावर झोपवतात, डोकं खोबणीत बसवतात, कपाळावर पट्टा लावतात. हलू नका, एवढंच सांगणं असतं. पण ज्याची भाषाच गेली आहे त्याला ते समजत नाही. तो घाबरून मान फिरवतो, चित्र हलतं आणि पुन्हा काढावं लागतं. म्हणून आत नेण्याआधी हात धरून, डोळ्यांत बघून, खुणेने ‘शांत पडून राहा’ असं कुणीतरी घरचं सांगितलेलं बरं. डोक्याच्या एका सीटीत साधारण 2 मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो तेवढाच जवळपास. गरोदर बाईचाही डोक्याचा सीटी करता येतो, गरोदरपण आधी सांगा म्हणजे झालं.

पडद्यावर कवटी पांढरी दिसते, मेंदू करडा, मधलं पाणी काळं. ताजं रक्तही पांढरं दिसतं, म्हणून रक्तस्राव नवख्यालाही ओळखू येतो. फिल्मवर डावं-उजवं उलटं असतं, चित्राची डावी बाजू ही पेशंटची उजवी. त्यातून आणखी एक घोळ: उजवा मेंदू शरीराची डावी बाजू चालवतो. डावा हात गेलेल्या माणसाच्या फिल्मवर डाग डावीकडेच दिसतो आणि नातेवाइकांना वाटतं सगळं सरळ आहे. खरं तर तो दोनदा उलटून सरळ झालेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गुठळीने झटका आला असेल, आणि साधारण 80 ते 85 टक्के झटके तसेच असतात, तर पहिल्या काही तासांत सीटी पूर्णपणे नॉर्मल दिसू शकतो. मेलेला भाग काळपट दिसायला वेळ लागतो. ‘सीटी नॉर्मल आला, घरी न्या’ असं कुणी म्हणालं आणि पेशंटचा हात अजून उचलत नाही, तर घरी नेऊ नका. अशा पेशंटचा नॉर्मल सीटी म्हणजे रक्तस्राव नाही, इंजेक्शनचा विचार करता येईल. ती आनंदाची बातमी आहे, पण ती घरी जाण्याची परवानगी नव्हे. अनुभवी डोळ्यांना बारीक खुणा आधीही दिसतात. तुंबलेली मोठी वाहिनी ठिपक्यासारखी पांढरी दिसते, करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा पुसट होते. त्याच खुणा मोजून ‘अॅस्पेक्ट्स’ नावाचा 10 पैकी गुण देतात. 10 म्हणजे काहीच बिघडलेलं दिसत नाही, जितके गुण कमी तितका जास्त भाग हातचा गेलेला.

1 ऑक्टोबर 1971 ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा पेशंटच्या डोक्याचा सीटी काढला गेला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं ते यंत्र. 1979 मध्ये त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याआधी जिवंत माणसाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे ठरवायचा असा सोपा आणि खात्रीचा मार्ग नव्हता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन 1995 च्या अमेरिकी चाचणीनंतर वापरात आलं, ते सीटी हाताशी होता म्हणूनच. आता सीटीतला रक्तस्राव ओळखून धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणालीही आहे. मुंबईच्या क्यूर डॉट एआय या कंपनीने त्यावरचा अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. जिथे रात्री रेडिओलॉजिस्ट नसतो तिथे याचा उपयोग आहे, पण शेवटचा शब्द डॉक्टरचाच हवा.

पायरी 4: रक्तवाहिन्यांचा सीटी

साध्या सीटीत रक्तस्राव नाही असं कळलं की इंजेक्शनसाठी फार तपासण्यांची वाट बघत नाहीत. साखर आणि बीपी बघतात. बीपी 185/110 च्या वर असेल तर आधी औषध देऊन ते खाली आणतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल तर बाकीचे रिपोर्ट येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. अल्टेप्लेज तासभर शिरेतून जातं, टेनेक्टेप्लेज एका वेळीच, एकदम देता येतं. या इंजेक्शनने काही पेशंटना मेंदूत रक्तस्राव होतो. सही घेताना डॉक्टर ते सांगतील. विचारायचं ते विचारा, पण पुण्याच्या मामांना फोन करून त्यांचं मत येईपर्यंत सही अडवून धरू नका.

इंजेक्शन चालू असतानाच, पेशंट टेबलावर असतानाच, सीटी अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून औषध सोडतात, अंगभर गरम लाट गेल्यासारखी वाटते, लघवी झाली की काय असंही वाटतं. ते दहा-पंधरा सेकंदांचं असतं. छातीपासून डोक्यापर्यंतच्या सगळ्या वाहिन्या त्यात दिसतात. मोठी वाहिनी बंद असेल तर नुसत्या इंजेक्शनने ती उघडण्याची शक्यता कमी, तेव्हा मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी ओढून काढतात. 2015 मध्ये एकापाठोपाठ पाच चाचण्यांचे निकाल आले आणि ही पद्धत पक्की झाली.

मग 2018 मध्ये दोन चाचण्यांनी वेळेची मर्यादा काही पेशंटसाठी 16 आणि 24 तासांपर्यंत वाढवली. हे जमलं ते स्कॅनमुळे. पाणी तोडलेल्या शेतात जसा एक पट्टा पार वाळून जातो आणि त्याच्या कडेचा कोमेजतो, पण पाणी मिळालं तर पुन्हा उभा राहतो, तसंच इथे असतं. पर्फ्युजन सीटी किंवा एमआरआय मेलेला भाग आणि कोमेजलेला भाग वेगळा दाखवतो. कोमेजलेला बराच शिल्लक असेल तर उशिरानेही गुठळी काढण्यात अर्थ असतो. म्हणून ‘आठ तास झालेत, आता काय उपयोग’ असं घरीच ठरवून टाकू नका. आणि 24 तास आहेत म्हणून सावकाशही जाऊ नका, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं.

किडनीचा त्रास आहे म्हणून अँजिओग्राफीला घाबरणारे पुष्कळ असतात. माहीत असेल तर सांगा, डॉक्टर तोल बघतील. मेंदू वाचवायचा प्रश्न असताना क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी सहसा थांबत नाहीत. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर नंतर ती कधी सुरू करायची ते विचारून घ्या.

पायरी 5: एमआरआय कधी खरंच लागतो

एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाचा एक भाग असतो. त्यात ताजा झटका काही मिनिटांतच पांढराशुभ्र चमकतो, जो सीटीत दिसतही नसतो. त्यामुळे चक्कर आणि तोल गेलेला पेशंट, मेंदूच्या मागच्या भागातला झटका, लहानसा झटका, आणि ‘हा झटकाच आहे की फिट येऊन गेल्यानंतरचा अशक्तपणा’ अशी शंका, इथे एमआरआय हवाच. झोपेतून उठतानाच झटका दिसला आणि वेळ माहीत नसेल, तर डिफ्युजनमध्ये चमकतंय पण फ्लेअर नावाच्या चित्रात अजून उमटलेलं नाही, यावरून झटका ताजा आहे असं ठरवून इंजेक्शन देता येतं. 2018 ची एक मोठी चाचणी त्यावरच होती. मात्र डिफ्युजनही कधीकधी चुकतं, विशेषतः मागच्या भागात, पहिल्या तासांत. लक्षणं बोलत असतील तर स्कॅनपेक्षा लक्षणांचं ऐकतात.

दहा मिनिटांत आपोआप बरा झालेला झटका हा एमआरआयसाठी सगळ्यात महत्त्वाचा पेशंट, आणि तोच सगळ्यात कमी वेळा येतो. हात जड झाला, बोलणं अडखळलं, मग ठीक झालं, जेवले आणि झोपले. पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी हॉस्पिटल, एमआरआय आणि मानेच्या वाहिन्यांची तपासणी व्हायला हवी. मानेची वाहिनी खूप अरुंद झालेली निघाली तर तिचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात.

आणखी एक पेशंट हुकतो. बाळंतपणानंतरच्या दिवसांतली किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या वा गर्भनिरोधक गोळ्या घेतलेली तरुण बाई. डोकं दिवसेंदिवस वाढतं दुखतं, उलट्या होतात, मग फिट येते. इथे गुठळी धमनीत नसून मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत असते. साधा सीटी नॉर्मल असू शकतो. ‘मायग्रेन असेल’ म्हणून परत पाठवलं आणि डोकं दुखायचं थांबत नसेल, तर एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूतल्या शिरांचा एमआरआय, करायची का असं स्पष्ट विचारा. घेतलेल्या गोळ्यांबद्दल सासूसमोर सांगायची लाज वाटत असेल तर डॉक्टरला एकटीला भेटू द्या.

एमआरआयच्या खोलीचे नियम मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. चुंबक कायम चालू असतो, मशीन शांत असलं तरी. 2018 च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात पेशंटच्या नातेवाइकाने ऑक्सिजनचं सिलिंडर आत नेलं आणि चुंबकाने ते ओढून घेतलं, त्यात त्याचा जीव गेला. आत जाण्याआधी मंगळसूत्र, त्यात अडकवलेली सेफ्टी पिन, जोडवी, केसांतल्या पिना, ब्लाउजचे हूक, कमरेचा करगोटा, कवळी, श्रवणयंत्र, खिशातली नाणी, मोबाइल, एटीएम कार्ड, सगळं काढायचं. वर्षानुवर्षं न उतरवलेल्या पाटल्या अशा वेळी निघत नाहीत. साबणपाणी लावून हात वर धरला की बहुधा निघतात, पण हे काम आपला नंबर आल्यावर सुरू करू नका. पेसमेकर, जुनी मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड दाखवा. नवे पेसमेकर पुष्कळदा चालतात, पण कार्डाशिवाय कुणी जबाबदारी घेणार नाही. हृदयातला स्टेंट किंवा पायातला रॉड सहसा आड येत नाही, सांगायचं मात्र असतंच.

पायरी 6: पहिल्या आठवड्यातले पुन्हापुन्हाचे सीटी

‘परवाच केला, आज परत कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि इथे त्याची उत्तरंही रोखठोक आहेत. इंजेक्शन दिलं असेल तर 24 तासांनी सीटी करतात. रक्तस्राव झालेला नाही हे बघितल्याशिवाय इकोस्प्रिनसारखी गोळी सुरू करत नाहीत. पेशंट अचानक गुंगायला लागला, डोकं दुखू लागलं, उलटी झाली, अशक्तपणा वाढला, तर वेळ न बघता लगेच सीटी.

मोठा झटका असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत मेंदूला सूज चढते. रिपोर्टमध्ये ‘मिडलाइन शिफ्ट’ म्हणून मिलिमीटरमध्ये आकडा येतो, म्हणजे मेंदूची मधली रेघ किती सरकली. विशेषतः 60 च्या आतल्या पेशंटला अशा वेळी कवटीचा तुकडा तात्पुरता काढून मेंदूला जागा करून देतात, आणि हे ऑपरेशन पहिल्या 48 तासांत केलं तर जीव वाचण्याची शक्यता बरीच वाढते. हे ऐकून घरचे हादरतात. जीव वाचेल पण अपंगत्व किती राहील, हे त्याच वेळी सर्जनला विचारा. अवघड प्रश्न आहे, पण तो नंतर विचारून उपयोग नसतो.

रक्तस्राव असेल तर तो पहिल्या काही तासांत वाढू शकतो, म्हणून बीपी पटकन उतरवतात आणि सीटी परत करतात. इथे बीपीचा हिशेब गुठळीच्या अगदी उलट. लहान मेंदूतला मोठा रक्तस्राव असला तर ऑपरेशनला वेळ लावत नाहीत. आयुष्यात कधी नव्हे असं डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तर मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव असू शकतो. सहा तासांच्या आतला सीटी तो जवळजवळ चुकवत नाही. उशिरा गेलात तर पाठीतून पाणी काढून बघावं लागू शकतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमधल्या शब्दांनी घरचे निष्कारण घाबरतात, आणि जिथे घाबरायला हवं तिथे नाही. ‘अक्यूट इन्फार्क्ट’ किंवा ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’ म्हणजे ताजा झटका. ‘क्रॉनिक लॅक्युनर इन्फार्क्ट’ म्हणजे पूर्वी कधीतरी झालेला बारीक झटका, बहुधा कळलाही नसेल. त्याचा अर्थ बहुधा बीपी किंवा साखर फार वर्षं मोकाट होती. ‘ग्लायोसिस’ म्हणजे जुना व्रण. ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ आणि ‘एज रिलेटेड अॅट्रॉफी’ हे सत्तरीतल्या बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये असतं. ‘मेंदू आकसलाय म्हणे’ असं ते नातेवाइकांत फिरवू नका. ‘हेमरेजिक ट्रान्सफॉर्मेशन’ दिसलं तर रक्त पातळ करायच्या गोळीचं काय करायचं, हे त्याच दिवशी विचारा. हृदयाची लय बिघडल्यामुळे आलेल्या झटक्यात ही गोळी कधी सुरू करायची, हेही झटक्याचा आकार आणि स्कॅन बघूनच ठरतं.

बरं होताना स्कॅन काय सांगतो, काय नाही

झटक्याची जागा विचारून घ्या आणि ती फिजिओथेरपिस्टलाही सांगा. त्यावरून काय सांभाळायचं ते कळतं. डावा मेंदू असेल तर भाषा जाऊ शकते, तशी गेली तर स्पीच थेरपी पहिल्या आठवड्यातच सुरू व्हावी. लहान मेंदू असेल तर तोल. मेंदूचा देठ असेल तर गिळणं.

उजव्या मेंदूच्या झटक्यात एक विचित्र गोष्ट होते. माणसाच्या लेखी जगाची डावी बाजूच राहत नाही. ताटात उजवीकडची भाजी, पोळी, भात संपतो, आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. ‘बाबांना आता कोशिंबीर आवडत नाही’ असं घरचे म्हणतात. ताट अर्धं फिरवून ठेवा, कोशिंबीर संपेल. हे लक्षात आलं की बोलताना, औषध देताना मुद्दाम डावीकडून जायचं, आणि रस्ता ओलांडताना एकटं सोडायचं नाही.

डागाच्या आकारावरून भविष्य मांडू नका. हालचालीचे तंतू मेंदूच्या आतून ज्या अरुंद वाटेने एकत्र जातात, तिथला हरभऱ्याएवढा डाग अर्धं अंग पाडू शकतो, आणि पुढच्या भागातला मोठा डाग असूनही माणूस चालत घरी जातो. हाताबद्दल स्कॅनपेक्षा दोन हालचाली जास्त सांगतात. पहिल्या 72 तासांत बोटं थोडी तरी उघडता येतात का, आणि खांदा बाजूला उचलता येतो का? दोन्ही होत असेल तर हात कामाला येण्याची शक्यता चांगली. ऑकलंडच्या संशोधकांनी हात कितपत सुधारेल याचा अंदाज बांधायची पद्धत तयार केली. तिच्या 2017 च्या सुधारित रूपात एमआरआय लागतच नाही.

म्हणून दर तीन महिन्यांनी ‘किती सुधारलं बघू’ म्हणून एमआरआय काढणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मेलेला भाग परत भरत नाही. काही महिन्यांनी तिथे पाण्याने भरलेली पोकळी दिसते आणि ती जन्मभर तशीच राहते, पेशंट धावायला लागला तरी. मेंदूचे उरलेले भाग ते काम शिकून घेतात, ते साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही. सुधारणा मोजायचीच तर शर्टची बटणं लावायला किती वेळ लागला ते लिहा, अंगणात न थांबता किती पावलं चालले ते मोजा. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, त्यानंतरही होत राहते. भाषा तर वर्ष उलटल्यावरही सुधारते.

रंगीबेरंगी पेट स्कॅन दाखवून ‘स्टेम सेलने मेंदू जिवंत झाला’ असं विकणारे दवाखाने आहेत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पॅरालिसिससाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर चाचणीत देता येतो आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कुणी लाखाचं पॅकेज सांगितलं की उठून निघा.

पुढे स्कॅन परत कधी

नवीन लक्षण दिसलं की लगेच, आणि पुन्हा पायरी 1 पासून. पहिल्यांदा फिट आली तर करावाच. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पेशंट पडला आणि डोक्याला लागलं, तर टेंगूळ छोटं असलं, बोलणं नीट असलं, तरी त्याच दिवशी सीटी करा.

जुनाच अशक्तपणा अचानक वाढल्यासारखा वाटला, तर ताप किंवा लघवीचं इन्फेक्शनही शोधतात, कारण त्याने जुना झटका पुन्हा डोकं वर काढतो आणि स्कॅनमध्ये नवीन काही सापडत नाही. पण हे ठरवायचं काम डॉक्टरचं, घरी अंदाज बांधू नका.

सगळ्या फिल्म, सीड्या आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा. फिल्म उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवली तर काळी पडते. सीडीची कॉपी पेनड्राइव्हवर करून ठेवा, दोन-तीन वर्षांनी सीडी उघडेलच असं नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरात झटक्याची तारीख, कोणती बाजू, चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी आणि शरीरात काही धातूचं बसवलं असेल तर ते लिहा. मुलगा दुबईला आणि आई-वडील साताऱ्याला अशी परिस्थिती असेल, तर त्या पिशवीवरच्या मजकुराचा फोटो शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्येही असू द्या, 108 वाल्यांना तोच दाखवायचा आहे.